टाकीच्या वळणावरून दोन रिंगा

१

पोचलं की दोन रिंगा द्यायच्या आणि फोन ठेवायचा. समोरच्यानं एक रिंग परत द्यायची, म्हणजे कळलं. आमच्या घरातला हा नियम माझ्या बायकोनं केलेला. “हो, पोचलो, हो, जेवलो” असलं ऐकत बसायला तिच्याकडे ना वेळ होता, ना धीर. ती आजारपणात गेली त्याला तीन वर्षं झाली. तिच्या साड्या, चपला, पुस्तकं हळूहळू कुणाकुणाला देऊन झाली, पण दोन रिंगा कुणाला देणार? त्या मी आणि माझी मुलगी एकमेकांना देत राहिलो.

मुलीला मी खारू म्हणतो. लहानपणी ती गालात खाऊ साठवून ठेवायची आणि तासाभरानं सावकाश खायची. आता ती चोवीस वर्षांची आहे आणि मला दिवसातून निदान दोनदा रागावते.

मी कानांच्या दवाखान्यात ऐकण्याची चाचणी घेतो. भिंतींना जाड मऊ अस्तर लावलेली एक लहानशी खोली आहे, दार लावलं की बाहेरचं जग बंद. पेशंटच्या कानांवर हेडफोन, हातात बटण. काचेच्या अलीकडून मी बारीक बारीक आवाज सोडतो, ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. सव्वीस वर्षं हेच करतोय. या कामात एक गोष्ट मला पक्की कळली आहे. ज्यांना ऐकू यावं असं फार वाटत असतं, त्यांना नसलेलंही ऐकू येतं. मी काहीच सोडलेलं नसतं आणि ते बटण दाबून माझ्याकडे मोठ्या आशेनं बघतात. अशा वेळी मी कागदाच्या कडेला एक छोटा गोल काढतो आणि पुढे जातो.

दवाखान्यात जातो सायकलनं. नऊला पोचलो की बाकावर माणसं बसलेलीच असतात, मग रिंगा द्यायच्या राहून जातात. दोनदा तसं झालं. दुसऱ्या वेळी खारूनं दवाखान्यात फोन करून काउंटरवरच्या बाईंना रडवेल्या आवाजात विचारलं, बाबा आलेत का. मला फार लाज वाटली. मग मी एक सोय केली. पाण्याच्या टाकीचं वळण दवाखान्याच्या आठ मिनिटं अलीकडे आहे. तिथे आलो की एका हातानं हँडल धरायचं, दुसऱ्या हातानं शर्टाच्या खिशातला फोन काढायचा आणि दोन रिंगा देऊन टाकायच्या. तिची एक रिंग आली की फोन परत खिशात. पाय टेकायचीसुद्धा गरज नाही. आठ मिनिटांनी पोचणारच आहोत, आत्ताच पोचलो म्हटलं तर काय बिघडलं?

असा मी सहा-सात महिने रोज आठ बावन्नला न पोचता पोचत होतो.

२

“बाबा, आज दिवसभर टाकीपाशी काय करत होतात?” खारूनं संध्याकाळी विचारलं. ती भाजी निवडत होती.

“दिवसभर? दवाखान्यात होतो. तीस कान तपासले.”

“म्हणजे पंधरा माणसं.”

“चौदा. एकाचे दोनदा तपासावे लागले.”

ती हसली नाही. आई गेल्यावर तिनं माझ्या फोनमध्ये काहीतरी बसवून ठेवलं होतं, त्यामुळे मी कुठे आहे ते तिला तिच्या फोनवर नकाशात दिसायचं. एक निळा ठिपका, म्हणजे मी. तिनं हात पुसून तो नकाशा माझ्यापुढे धरला. ठिपका टाकीच्या वळणावर होता.

“आत्ता?” मी विचारलं. माझा फोन आमच्या दोघांच्या मध्ये, मेथीच्या जुडीशेजारी पडलेला होता.

“आत्ता. सकाळपासून. तुमच्या रिंगा आल्या तेव्हापासून तिथेच आहे.”

मी म्हटलं, नेटवर्कचा घोळ असणार. यंत्रं चुकतात, माझंही वर्षातून एकदा तपासून घ्यावं लागतं. तिलाही ते पटलं. तिच्याकडे सांगण्यासारखी मोठी बातमी होती: नवी नोकरी पक्की झाली होती, दवाखान्याच्याही पुढे, आणि एक तारखेपासून ती गाडीनं जाणार होती. गाडी मैत्रिणीची जुनी, पण लायसन्स नवं कोरं. मी तोंड भरून कौतुक केलं.

झोपायच्या आधी मी तिच्या फोनवर ठिपका पुन्हा पाहिला. तो अगदी स्थिर नव्हता. जरासा इकडे, जरासा तिकडे होत होता. बराच वेळ उभा राहिलेला माणूस या पायावरचा भार त्या पायावर घेतो, तसा.

३

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लक्ष ठेवून गेलो. टाकीचं वळण तसं साधं आहे. डावीकडे टाकीची लांब शेवाळलेली भिंत, भिंतीलगत निलगिरीची झाडं, उजवीकडे एक रोपवाटिका. सकाळी तिथे पातळ पांढरं धुकं असतं, त्यात रोपवाटिकेच्या मावशी रबरी नळीनं पाणी मारत असतात. भिंत सुरू झाली. मी फोन काढला. मान खाली घातली, दोन रिंगा दिल्या, तिची एक आली. मान वर केली तर भिंत संपली होती.

भिंत चांगली अडीचशे पावलांची आहे. तेवढा रस्ता मी वळलो होतो, पायडल मारले होते, कदाचित एखाद्या गाडीला बाजूही दिली होती. त्यातलं काहीही माझ्यापाशी नव्हतं. आणि हे आजचंच नव्हतं. सहा-सात महिन्यांत सकाळी जाताना त्या भिंतीचा मधला भाग मी एकदाही पाहिलेला नव्हता. मग रोज तेवढा रस्ता सायकल कोण चालवत होतं?

येताना मी रोपवाटिकेपाशी उतरलो. मावशींची माझी तोंडओळख होती.

“आज बोलायला वेळ मिळाला वाटतं,” त्या म्हणाल्या. “काल दोनदा हाक मारली. वळूनसुद्धा बघितलं नाहीत.”

“काल? केव्हा?”

“दुपारी. भिंतीकडे तोंड करून उभे होतात की, सायकल धरून. मला वाटलं फोनवर काही वाईट बातमी आली असेल. अशा वेळी माणसाला छेडू नये.” त्यांनी नळी दुसऱ्या वाफ्यात टाकली. “आणि ते दुसरे कोण? भाऊ का तुमचे?”

मला भाऊ नाही. मी एक गुलाबाचं रोप घेतलं आणि घरी आलो. गुलाब लावायला आमच्याकडे जागाही नाही.

४

डोकं ठिकाणावर असलेला माणूस अशा वेळी स्वतःची तपासणी करून घेतो. दुपारी गर्दी ओसरल्यावर मी काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, माझे कान बघा जरा. त्या बारा वर्षं मला बघताहेत, यंत्र चालवायला शिकल्या आहेत. मी खोलीत जाऊन बसलो, हेडफोन लावले, दार बंद झालं.

त्या खोलीतली शांतता मला घरच्यासारखी आहे. आधी स्वतःचा श्वास ऐकू येतो, मग गिळल्याचा आवाज, मग तेही मागे सरतं. बारीक सूर येऊ लागले. मी बटण दाबत गेलो. मधे खूप लांबून, पाण्याच्या तळातून यावा तसा, माझ्याच फोनच्या रिंगचा आवाज आला. दोनदा. मी बटण दाबलं, दोनदा. फोन बाहेर टेबलावर होता.

बाहेर आलो तेव्हा बाई कागदाकडे बघत होत्या. त्यांनी कडेला गोल काढले होते, मी शिकवले तसे. सगळे जोडीजोडीनं.

“काही सोडलं नव्हतं तेव्हा दाबत होतात,” त्या म्हणाल्या. “दोनदा दाबायचात, थांबायचात. मग परत दोनदा. मला वाटलं, मुद्दाम माझी परीक्षा घेताय.”

“हो, तेच,” मी म्हटलं. “पास झालात.”

त्या खूश झाल्या. कागद मी घडी करून खिशात घातला. गोलांच्या सोळा जोड्या होत्या.

५

ठरवून टाकलं. फोन घरी ठेवायचा. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये बंद करून ठेवला आणि खारूला सांगितलं की आज रिंगा येणार नाहीत, पोचलो की दवाखान्यातून बोलेन. तिला त्या दिवशी सुट्टी होती.

वळणावर मी दोन्ही हात हँडलवर ठेवले आणि मान ताठ. धुकं जरा दाट होतं. भिंत सुरू झाली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत इतकं डोळ्यांत तेल घालून मी काही पाहिलं नसेल. शेवाळ, झाडाची खोडं, भिंतीला टेकवलेली एक सायकल. पुढे अजून एक. मग मला कळलं की ती टेकवलेली नाही, कुणीतरी धरलेली आहे, आणि मी जोरात पायडल मारले. हा माझा भित्रेपणा, तो मी लपवत नाही.

संध्याकाळी खारू दारातच उभी होती.

“गंमत करता का माझ्याशी?” ती म्हणाली. “आठ बावन्नला रिंगा आल्या. दोन. तुमच्या नंबरवरून.”

“फोन ड्रॉवरमध्ये आहे.”

“तेच सांगतेय. मी त्या ड्रॉवरसमोर बसून चहा पीत होते. उघडून बघितला, फोन बंद होता, थंडगार.”

“मग तू काय केलंस?”

ती ओशाळली. “सवयीनं एक रिंग परत दिली.”

“ड्रॉवरमधला फोन वाजला?”

“नाही ना. पण तिकडे वाजला, बाबा. कानाला लावला होता मी. एक पूर्ण रिंग वाजली आणि मी ठेवला.”

ती रिंग मग गेली कुठे? जेवताना ती एवढंच म्हणाली, “कंपनीला कळवायला हवं.” मी म्हटलं, हो, कळवू.

६

एक तारीख उजाडली. खारूनं गाडी दोनदा पुसली. मी तिच्या दोन्ही हातांवर माझे हात ठेवले आणि म्हटलं, “फोन पिशवीत, पिशवी मागच्या सीटवर. जग बुडालं तरी हात लावायचा नाही.”

“हो बाबा.”

“रिंगा नकोत. तुझ्याही नकोत, माझ्याही नकोत. आजपासून तो नियम बंद.”

“आईचा नियम आहे,” ती म्हणाली, आणि मग माझं तोंड बघून, “बरं. बंद.”

ती साडेआठनंतर निघणार होती. मी आठलाच निघालो. फोन ड्रॉवरमध्ये होता. वळणाच्या मध्यावर, रोपवाटिकेच्या बाजूला, सायकल घेऊन उभा राहिलो. का, ते सांगता येत नाही. ती सुखरूप गेलेली बघायची आणि मग कामाला लागायचं, एवढंच मनात होतं. मावशी नव्हत्या. धुक्यात उजेड सगळीकडून सारखाच येत होता, सावल्या नव्हत्या, आवाजही अस्तर लावल्यासारखे. मला क्षणभर वाटलं, मी खोलीत आहे आणि काचेपलीकडे कुणीतरी कागद घेऊन बसलंय.

समोर भिंतीलगत ते होते. मी मोजले नाहीत. सगळे पाठमोरे, एक हात हँडलवर, माना खाली. मानेच्या पुढे प्रत्येकाच्या छातीशी थोडासा निळसर उजेड. शर्ट माझेच होते. दोन महिन्यांपूर्वी फाटलेला, आता फरशी पुसायला घेतलेला चौकड्यांचासुद्धा त्यात होता, धड आणि इस्त्री केलेला.

मला त्यांची भीती वाटायला हवी होती. वाटली ती दया. पोचले म्हणून सांगितलं होतं त्यांनी, आणि त्यांना पुढे नेणारं कुणी नव्हतं.

मग गाडी आली. वळणाच्या अलीकडे ती मला स्पष्ट दिसली, काचेमागे खारू, आणि तिची मान खाली. हनुवटीवर निळसर उजेड. गाडी वळत नव्हती. रस्ता वळत होता आणि गाडी सरळ येत होती, भिंतीकडे, त्यांच्याकडे, सावकाश येतेय असं वाटावं इतक्या वेगानं.

माझ्याकडे फोन नव्हता. सायकलची घंटी होती. खारू लहान असताना गल्लीच्या तोंडापासून ती घंटी ओळखायची आणि गालातला खाऊ गिळून दाराशी पळत यायची. मी सायकल रस्त्यात घातली आणि घंटी वाजवली, एकदाच, होता नव्हता तेवढा अंगठा दाबून.

तिनं मान वर केली. ब्रेक लागला. गाडी माझ्या पुढच्या चाकाला टेकून थांबली, आणि चाक किंचित मागे वळलं.

७

ती उतरली आणि मला धरून रडली. मीही रडलो. भिंतीकडे पाहायचं माझ्यात त्राण नव्हतं, पण नजर गेलीच. तिथे शेवाळ होतं आणि झाडं होती.

“कुणी फोन केला होता?” मी विचारलं.

“कुणी नाही.” ती नाक पुसत होती. “मीच दिल्या. तुम्हाला. दोन रिंगा.”

“खारू.”

“तुम्ही काळजी करत बसला असता. बंद म्हणालात तरी करत बसला असता, मला माहीत नाही का? म्हटलं, दहा मिनिटांनी पोचणारच आहे.” तिनं भिंतीकडे हात केला. “तुम्हीसुद्धा तर इथूनच देता. मी ठिपका बघायचे ना रोज. मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. बोलले नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

जे मी लपवलं होतं ते तिला मी शिकवून बसलो होतो.

“मग मान खाली कशाला?” मी म्हटलं. “दोन रिंगा द्यायला किती वेळ लागतो?”

“तुमची एक यायची होती ना,” ती म्हणाली. “तिची वाट बघत होते.”

८

खारू आता गाडी चालवत नाही. गाडी मैत्रिणीला परत दिली, ती दुसऱ्या रस्त्यानं बसनं जाते, सव्वानऊला निघते. मी दवाखान्यात साडेनऊची वेळ मागून घेतली. त्यामुळे सकाळी आम्ही दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर चहा घेतो. तिचा फोन बंद करून टेबलावर ठेवलेला असतो, मला दिसेल असा. माझा ड्रॉवरमध्ये.

दुसऱ्याच दिवशी, आठ बावन्नला, ड्रॉवरमधून दोन रिंगा आल्या. उघडून पाहिलं. खारूच्या नंबरवरून. खारू समोर बसलेली होती, हातात कप.

मी परत रिंग दिली नाही. देऊ कशी? दिली तर ‘कळलं, पोचलीस’ असं होतं, आणि तिथे पोचलेल्यांचं काय होतं ते मी पाहिलं आहे. पण दिली नाही तर तिकडे कुणीतरी मान खाली घालून वाट बघत राहतं, आणि रस्ता वळत असतो. बापाला यातलं काय निवडता येईल, तुम्हीच सांगा.

“खारू,” मी म्हटलं.

तिची मान खाली होती. बंद फोनवर, काळ्या काचेवर. कप तिरका होऊन चहा बशीत सांडत होता.

“खारू, बाळा.”

“द्या ना, बाबा,” ती म्हणाली. आवाज तिचाच, पण जरा लांबून आला. “त्याशिवाय वर बघता येत नाही.”

मी धावत बाहेर गेलो, सायकलची घंटी स्क्रूसकट उपटून आणली आणि तिच्या कानापाशी वाजवली. टेबलाखाली तिचा उजवा पाय फरशीवर जोरात दाबला गेला. टाच घसरली, खुर्ची मागे सरकली. मग तिनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

“काय झालं?” तिनं विचारलं. “चहा कुणी सांडला?”

त्याला आता तीन आठवडे झाले. रिंगा रोज येतात, रविवारीही. फोन टाकून दिला तरी येतात, ड्रॉवर रिकामा असला तरी. ते सगळं करून झालं. घंटी मी शर्टाच्या खिशात ठेवतो, जिथे फोन असायचा. आठ बावन्नला तिची मान खाली जाते, मी वाजवतो, तिचा पाय ब्रेक दाबतो आणि ती परत येते. तिला यातलं काही आठवत नाही, आणि मी सांगितलेलं नाही. फक्त स्वयंपाकघरात त्या जागी फरशी घासली गेली आहे, तेवढी ती बघते आणि नवल करते.

पण मी कान तपासणारा माणूस आहे. ऐकू येणं कमी होत चाललंय का, ते मला कुणी सांगावं लागत नाही. पहिल्या दिवशी घंटी एकदा पुरली होती. आज अकरा वेळा वाजवली, तेव्हा कुठे तिचा पाय हलला.